अंगणाखालचा कान

माळसांगवीच्या नव्या वसाहतीत वीज हवी असेल तर आधी जमीन उकरावी लागे.

खांब गेले होते. एका उन्हाळ्यात वादळं इतकी माजली की लातूरच्या बाजूचे निम्मे खांब आडवे झाले. तारा शेतात पडल्या, गुरं दगावली, माणसंही दगावली. त्यानंतर ठरलं की घरात येणारी वीज यापुढे जमिनीखालूनच येईल. आमच्या भागातलं काम ‘धरणी वीजसेवा’ नावाच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने नियम केले. चर कमरेइतका खोल हवा. तळाला चाळलेली वाळू हवी, तिच्यात खडा नको, कारण वरच्या मातीचा भार आला की खडा केबलच्या सालीत रुततो. वाळूवर केबल, केबलवर पुन्हा वाळू, तिच्यावर विटांची ओळ आणि विटांच्या वर पिवळी पट्टी. पुढे कधी कुणी कुदळ घातली तर आधी पट्टी दिसेल, मग वीट लागेल आणि माणूस थांबेल. नळाचा पाइप आणि केबल एका चरात चालणार नाहीत. चर बुजवण्याआधी तो कंपनीच्या माणसाला उघडा दाखवायचा.

हे सगळे नियम चांगले होते. ते आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते वाचून काहींना वाटेल की वीज खांबावरच ठेवायला हवी होती. तसं नाही. नियम करणाऱ्याने जमीन नीट पाहिली होती. त्याने घर पाहिलं नव्हतं.

शिवकन्या बिराजदारने आपल्या घराचा चर स्वतः उभं राहून खणून घेतला. तिचा नवरा बालाजी हैदराबादला पुलांच्या कामावर क्रेन चालवत असे आणि सवड मिळेल तसा घरी येई. घरात शिवकन्या, चौथीत शिकणारी मुलगी ओवी आणि बालाजीची आई महानंदाबाई. महानंदाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ते बसवलं, ते पुन्हा निखळलं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या अंगाखाली हवेची गादी होती. तिचा छोटा पंप दिवसरात्र गुणगुणत असे. म्हणजे या घराला वीज पंख्यासाठी नको होती. एका बाईच्या पाठीची कातडी शाबूत राहावी म्हणून हवी होती.

तपासनीस आला तेव्हा वाळूत खडे निघाले. तो म्हणाला, वाळू बदला, मी परत येतो. परत म्हणजे कधी, ते त्याला सांगता येईना. शिवकन्या चरात उतरली आणि त्याच्यासमोर एकेक खडा वेचून वर टाकू लागली. तो कंटाळून मोबाइल बघत बसला. तिचं झाल्यावर त्याने वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

मग त्याने केबलचं रीळ सोडलं. या केबलमध्ये तांब्याच्या तारांशेजारी काचेचा एक तंतू होता, केसाइतका बारीक. वसाहतीत त्याला ‘कान’ म्हणत.

हा कान ऐकतो कसा, ते समजून घेऊ. खोल विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की आवाज खाली जातो, आपटतो आणि परत येतो. किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. काचेच्या तंतूत आवाजाऐवजी प्रकाशाची हाक मारतात. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्या पोटात अतिसूक्ष्म उंचसखलपणा असतोच, आणि त्या प्रत्येक जागेवरून थोडासा प्रकाश माघारी फिरतो. तंतू स्वस्थ पडून असेल तर माघारी आलेल्या प्रकाशाची ठेवण दर वेळी सारखीच दिसते. कुठे धक्का बसला, माती किंचित हलली, की तेवढ्या जागची ठेवण बदलते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते, आणि बदल कसा झाला यावरून धक्का कसला होता ते कळतं. कुदळीचा घाव वेगळा, जेसीबीचा दात वेगळा, माणसाचं पाऊल वेगळं.

आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि पोटात पुरलेली वस्तू ओढत राहते. केबलचे सांधे ताणले जातात, तापतात, एक दिवस जळतात. तो ताण आधीच ऐकू यावा म्हणून हा कान. काळ्या मातीत अर्थिंगची पट्टीही घराच्या पायाभोवती पूर्ण फिरवावी लागते, म्हणून तिच्याबरोबर कानही घराभोवती फिरला. असा तो प्रत्येक खोलीच्या भिंतीखाली जाऊन बसला.

घरातल्यांची पावलं कोणती आणि परक्याची कोणती हे यंत्राला शिकवावं लागतं, नाहीतर ते अंगणात खेळणाऱ्या पोरांनाही केबल खणणारे समजेल. म्हणून जोडणीच्या दिवशी प्रत्येकाने अंगणात फेऱ्या मारायच्या, अनवाणी एकदा, चपला घालून एकदा. याला ‘चाल देणं’ म्हणत. ओवीने उड्या मारत चाल दिली. शिवकन्याने पदर खोचून दिली. आल्यागेल्याचं पाऊल नुसतं अंगणात फिरलं तर यंत्र ते टिपून गप्प राही; पायरीवर किंवा घरात पडलं की निरोप जाई.

आत खाटेवर महानंदाबाई होत्या. तपासनिसाने दारातूनच विचारलं, “त्या चालतात का?”

“नाही.”

“मग त्यांचं काही नाही.”

त्याने रहिवासी दोन असं भरलं आणि तो गेला. जी चालत नाही ती घरात राहत नाही, एवढं सोपं गणित. महानंदाबाईंना ते ऐकू गेलं. त्या शिवकन्याला म्हणाल्या, “बघ, कंपनीनं मला मोडीत काढलं.” दोघी हसल्या.

मीटर बालाजीच्या नावावर होतं, कारण प्लॉट त्याच्या नावावर होता. त्यामुळे यंत्राचे निरोप त्याच्या मोबाइलवर जात.

पहिला उन्हाळा कानाने गाजवला. गल्लीत हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि शेजारच्या राजश्रीच्या दारातला एक सांधा ओढला जातोय हे कंपनीला तो जळायच्या आधी कळलं. माणसं आली, उकरलं, सांधा बदलला. राजश्रीच्या घरात त्या वेळी तिची सून बाळंतीण होती. तेव्हापासून वसाहतीचा यंत्रावर विश्वास बसला. यंत्र एकदा खरं बोललं की माणूस पुढच्या वेळी त्याला प्रश्न विचारत नाही.

बालाजीलाही मजा वाटू लागली. हैदराबादेत क्रेनच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या त्याला दिसे की ओवी शाळेतून आली, चुलीकडे गेली, पुन्हा अंगणात पळाली. तो फोन करून म्हणे, आल्या आल्या डब्यात हात घातलास ना गं. ओवीला वाटे, पप्पांना जादू येते. शिवकन्यालाही बरं वाटलं होतं. लांबच्या माणसाला घर असं हाताशी लागत असेल तर वाईट काय, असं तिला वाटे.

दिवाळीनंतर थंडी पडली. महानंदाबाईंचे सांधे आखडायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, रोज ऊन मिळालं पाहिजे. तेव्हापासून ओवी शाळेत गेली, कामं आटोपली आणि ऊन अंगणात आलं की शिवकन्या त्यांना बाहेर आणी, बाजेवर बसवी, केस विंचरी, आणि ऊन कललं की आत नेई. बालाजीचा फोन आला की तो विचारी, आई कशी आहे. ती म्हणे, बरी आहे. विषय संपे.

याच दिवसांत बालाजीच्या मोबाइलवर नवा निरोप यायला लागला. ‘आपल्या घरी नोंद नसलेली चाल आढळली.’ रोज. साधारण त्याच सुमाराला. पोर शाळेत असताना.

चोरांवर नजर राहावी म्हणून असा निरोप वसाहतीच्या ग्रुपवरही जाई. त्यात नाव नसे, फक्त घराचा क्रमांक असे. आता वसाहतीत कुणाच्या घराचा क्रमांक कुणाला माहीत नाही? ग्रुप सांभाळायचे मन्मथअप्पा. निवृत्त तलाठी होते आणि अजूनही गाव आपल्याच दप्तरात आहे असं समजून चालायचे. पहिले काही दिवस त्यांनी लिहिलं, ‘सदर घराने दक्षता घ्यावी.’ मग एक दिवस लिहिलं, ‘सदर घराच्या चालचलनाबाबत कंपनीने खुलासा करावा.’

कंपनीने लिहिलं होतं ‘चाल’. अप्पांनी केलं ‘चालचलन’. दोन अक्षरांच्या शब्दाला तीन अक्षरं चिकटली आणि पावलाचं बाईचं वागणं झालं. कुणी हरकत घेतली नाही. उलट काहींनी त्याखाली पसंतीचे अंगठे टाकले.

शिवकन्याला हे गिरणीत कळलं. दळण टाकताना राजश्री हळूच म्हणाली, “कोण गं यायलंय तुझ्याकडं? सांग की, मी काय कुणाला बोलते होय.”

शिवकन्याला आधी काही समजेना. समजलं तेव्हा तिला राग नाही आला, भीती वाटली. तिच्या घरात, ती असताना, कुणीतरी पुरुष हिंडतोय आणि तिला दिसत नाही. यंत्राने राजश्रीचं घर वाचवलं होतं. मग ते खोटं कसं बोलेल? तिने मागच्या दाराला नवा कडीकोयंडा बसवून घेतला. रोज दुपारी फाटकाला कुलूप लावायला लागली. महानंदाबाईंना विचारलं, आत्या, तुम्हाला कुणाची चाहूल लागते का. त्या म्हणाल्या, मला तर तुझीच लागते.

कुलूप लावलं तरी पाऊल येतच राहिलं.

बालाजीचे फोन बदलले. आधी तो विचारी, कोण आलं होतं. ती म्हणे, कुणी नाही. मग तो विचारेनासा झाला, सांगायला लागला. आज आला होता. आज जास्त वेळ बसला. जड माणूस आहे, सावकाश चालतो, घाई नसते त्याला. ती म्हणाली, तुम्ही या, दुपारी घरात बसा आणि स्वतः बघा. तो म्हणाला, मी आल्यावर कशाला येईल तो?

खरंच, बालाजी एकदा मध्ये येऊन गेला तेव्हा पाऊल आलं नाही. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं. पण हे जोडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात तर वेगळंच पक्कं झालं.

जानेवारीत तो गाडी करून आला. घरी येण्याआधी शाळेत गेला आणि ओवीचा शाळा सोडल्याचा दाखला मागून आला. मग अंगणात उभं राहून, चपला न काढता, त्याने ठरलेलं सांगितलं. ओवी आणि आई त्याच्याबरोबर हैदराबादला जातील. शिवकन्याने औशाला भावाकडे जावं. पुढचं पुढे बघू. हैदराबादेत त्याच्या एका दोस्ताची बहीण ओवीला सांभाळायला तयार होती.

“आणि आत्याला?”

“बाई लावीन.”

ओवीला शाळेत पाठवू नको, तिचे कपडे भरून ठेव, एवढंच त्याने आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि ती पिशवीवरच बसून होती. कुणी काही सांगितलं नसलं तरी मुलांना घरातला आवाज बदललेला कळतो. ती आईकडे बघत नव्हती आणि बापाकडेही बघत नव्हती.

शिवकन्या रडली नाही. ती म्हणाली, मुलीला न्यायच्या आधी एक गोष्ट करा. ज्या यंत्राच्या जोरावर नेताय, ते मला दाखवा. तुम्ही नुसतं ऐकवताय. मला बघू द्या.

मन्मथअप्पांनी कंपनीकडे खुलासा मागितलेलाच होता, त्यामुळे उपअभियंता नाझनीन पटेल त्याच दिवशी येणार होत्या. आल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग अप्पाही आले. बोलावलं कुणी नव्हतं. फाटकाबाहेर राजश्रीसकट दोनचार बाया कोथिंबीर निवडायचं निमित्त करून बसल्या होत्या.

पटेल मॅडम दमलेल्या दिसत होत्या. त्यांच्याकडे अशी प्रकरणं आता सारखी येत असावीत. त्यांनी टॅबलेट बाजेवर ठेवला आणि घराचा नकाशा उघडला. नकाशावर ठिपके होते. ओवीचे हिरवे, विरळ, इकडेतिकडे सांडलेले. शिवकन्याचे निळे, स्वयंपाकघरात इतके दाट की तिथे निळं डबकं झालेलं. आणि लाल ठिपक्यांची एक ओळ.

मॅडमनी समजावून सांगितलं. यंत्र पाऊल तीन गोष्टींवरून ओळखतं: भार किती, दोन पावलांमध्ये वेळ किती, आणि टाच आधी टेकते की चवडा. हंडा किंवा पोतं घेतलं तरी घरच्या माणसाची चाल कळावी, एवढी सूट यंत्राला शिकवलेली असते. हे लाल पाऊल त्या मर्यादेच्या फार बाहेरचं आहे. भरदार पुरुषाइतका भार. टाच घट्ट. पाऊल आखूड आणि सावकाश.

अप्पा म्हणाले, “मागच्या दारानं येत असणार.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “फाटकाशी किंवा मागच्या दाराशी लाल ठिपका एकही नाही. ओळ आतूनच सुरू होते. इथून.” त्यांनी बोट ठेवलं ती जागा आतली खोली होती. महानंदाबाईंच्या खाटेची कड.

“म्हणजे आधीच लपवून ठेवलेला असतो,” बालाजी म्हणाला. “माझ्या आईच्या खोलीत.”

शिवकन्या ठिपक्यांकडे बघत होती. तिचे निळे ठिपके स्वयंपाकघरातून निघून खाटेपाशी जात होते आणि तिथे संपत होते. जिथे निळे संपत तिथूनच लाल सुरू होत. लाल ओळ उंबऱ्यावरून, पायऱ्या उतरून अंगणात बाजेपर्यंत येई आणि संपे. तिथून पुन्हा निळे. ऊन कलल्यावर तेच उलटं.

निळं आणि लाल एका वेळी कुठेही नव्हतं.

ती आत गेली आणि खोलीतून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच. “आत्या, ऊन आलंय. चला.”

सगळे अंगणातूनच उघड्या दारातून बघत राहिले. ती खाटेला पाठ लावून खाली बसली. महानंदाबाईंनी सवयीने दोन्ही हात तिच्या खांद्यांवरून पुढे टाकले. तिने ते मनगटांपाशी घट्ट धरले, पुढे झुकली, एक गुडघा टेकवून जोर केला आणि उठली. सासू तिच्या पाठंगुळीला होती. आत्यांसाठी आणलेल्या चाकाच्या खुर्चीची चाकं त्या उंबऱ्यावर चढत नव्हती आणि त्या पायऱ्या उतरत नव्हती, म्हणून ती खुर्ची कोपऱ्यात मिटून ठेवलेली होती आणि तिच्यावर ओवीची दप्तरं टांगलेली होती.

शिवकन्या चालू लागली. टाच घट्ट रोवून. पाऊल आखूड. सावकाश.

बालाजीच्या खिशात मोबाइल वाजला. मग अप्पांच्या खिशात वाजला. फाटकाबाहेर कोथिंबिरीच्या गड्डीशेजारी वाजला.

जमिनीला फक्त पाय कळतात. पाठीवर कोण आहे ते तिला कळत नाही. दोन बायांचा भार आणि एका बाईचे पाय, याचा हिशोब यंत्राने जमेल तसा केला होता आणि त्यातून एक पुरुष तयार केला होता. तो पुरुष रोज दुपारी आत्यांच्या खाटेपासून उठून उन्हात येऊन बसत होता, आणि साऱ्या वसाहतीला तो दिसत होता. त्याच्या पोटातल्या दोन बाया कुणाला दिसल्या नव्हत्या.

शिवकन्याने आत्यांना बाजेवर टेकवलं, पाय सरळ करून दिले, अंगावर शाल घातली. तिला धाप लागली होती.

महानंदाबाईंना सगळं कळायला वेळ लागला नाही. पाय गेले होते, कान जागेवर होते. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

“बाळू, दुपारी तुझ्या बायकोकडं येणारा माणूस बघायला आलास न्हवं? बघ. मी हाय.”

बालाजी काहीतरी बोलायला गेला. तोंडातून निघालं ते एवढंच, की मग मला फोनवर सांगितलं का नाहीस.

“काय सांगायचं?” शिवकन्या म्हणाली. “तुम्ही विचारलं, आई कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे. ती बरी कशानं आहे ते तुम्ही कधी विचारलं नाही. तिचं अंग कोण पुसतं, तिला उन्हात कोण आणतं, कसं आणतं. माझी पावलं मोजायला तुम्हाला कामावरून सवड होती. तुमची आई तुमच्या नकाशात एक ठिपका नाही, याचं कधी नवल वाटलं नाही?”

बालाजी आईच्या बाजेच्या कडेवर टेकला.

पटेल मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या की यंत्र तसं चुकलेलं नाही. नोंद नसलेली चाल, एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि ती चाल नोंदवलेली नव्हतीच. पुढचा अर्थ लोकांनी लावला.

हे ऐकल्यावर शिवकन्याचा राग त्यांच्याकडे वळला. ती आवाज चढवून बोलली नाही, पण बाहेरच्या बायांचे हात थांबले.

“मॅडम, तुमच्या माणसानं वाळूतला खडा बघितला. खाटेवरची बाई बघितली नाही. घरात तिघी होतो, त्यानं दोन लिहिल्या. केबलला खडा टोचू नये म्हणून नियम आहे तुमच्याकडं. माणसाला काय टोचेल त्याचा आहे का एखादा? आणि माझ्या घरातलं पाऊल गल्लीभर पाठवायचं, हे कुणाला विचारून ठरलं?”

मॅडमनी टॅबलेटवरचा नकाशा मिटवला.

गैरसमज झाला म्हणत अप्पा फाटकाकडे सरकले होते. शिवकन्याने त्यांना थांबवलं. म्हणाली, “अप्पा, ज्या बोटानं चालचलन लिहिलंत, त्याच बोटानं लिहा. तो पुरुष कोण निघाला ते. इथंच लिहा, मला वाचू द्या.”

अप्पांनी चष्मा पुसला, मोबाइल काढला. लिहायला त्यांना फार वेळ लागला. एका ओळीत त्यांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ असा शब्द घातला होता. शिवकन्याने तो खोडायला लावला. सासूला पाठीवर घेणं हे तांत्रिक कारण नाही, ती म्हणाली. अंगठे या वेळी कुणी टाकले नाहीत.

मग तिने मॅडमना विचारलं, कान बंद करता येतो का. नाही, त्या म्हणाल्या. कान नसेल तर जोडणी ठेवता येत नाही, वीज कापावी लागते. आतून पंपाची गुणगुण ऐकू येत होती. यंत्र नको म्हणायची मोकळीक तिला नव्हती. ज्यांच्या घरात कुणी खाटेवर नाही ते कदाचित नको म्हणू शकतील. तिला नाही. नियम करणाऱ्यांनी हेही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि म्हणूनच निर्धास्त असतील.

“मग निरोप कुणाला जातो?” तिने विचारलं.

“ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. मालकाची संमती असेल तर राहणाऱ्या माणसाच्या नावावर करता येतं. ग्रुपला जाणारे निरोपही मग तो माणूस बंद करू शकतो.”

शिवकन्याने बालाजीकडे पाहिलं. तो लगेच पुढे झाला. एवढ्यावर मिटतंय तर बरंच, असं त्याला वाटलं असावं. त्याने टॅबलेटवर अंगठा लावला. मीटर शिवकन्याच्या नावावर झालं. मग त्याने कुणी न सांगता शाळेत फोन लावला आणि दाखला काढू नका म्हणून सांगितलं. ओवी उठली, पिशवी उचलून आत गेली आणि तिने ती उलटी केली. आतून कपडे पडल्याचा मऊ आवाज आला.

शिवकन्याने नव्या नावावर पहिलं काम केलं ते ग्रुपचे निरोप बंद करायचं. मॅडमनी विचारलं, लाल पावलाला काय नाव देऊ. तिच्याआधी बाजेवरून महानंदाबाईच म्हणाल्या, “माझं नाव घाल की. महानंदा काशिनाथ बिराजदार. मी अशीच चालते आता.” मॅडमनी ते घातलं. घरात माणसं तीन झाली.

बालाजीच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याने चपला काढल्या, नळावर पाय धुतले, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो दाराकडे निघाला. आत जाऊन ओवीला जवळ घ्यावं, चहा मागावा, आणि संध्याकाळपर्यंत हे सगळं जुनं होऊन जावं, असं त्याच्या चालण्यात होतं.

शिवकन्याच्या हातातला मोबाइल वाजला. ‘आपल्या घरी नोंद नसलेली चाल आढळली.’

बालाजी पहिल्या पायरीवर थबकला. पटेल मॅडम ओशाळं हसल्या. आतापर्यंत यांची चाल घ्यायची गरज पडली नव्हती, त्या म्हणाल्या. मीटर ज्याच्या नावावर असतं त्याचा मोबाइल जवळ आला की यंत्र त्याला घरचाच धरतं. आता ते मीटरचे मालक नाहीत, म्हणून परके दिसतायत. किरकोळ आहे. अंगणात दोन फेऱ्या मारल्या की नाव चढवता येईल.

बालाजी लगेच अंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, शाळेतल्या कवायतीला उभं राहतात तसा. मॅडमनी टॅबलेट सरसावला आणि मान्यतेसाठी शिवकन्याकडे पाहिलं, कारण मान्यता आता तिची लागत होती.

“नको,” शिवकन्या म्हणाली.

मॅडमना वाटलं, तिला कळलं नाही. “तुमचे मिस्टर आहेत ना? इथलेच रहिवासी—”

“ते इथं राहत नाहीत. या घरात दुपारी कोण चालतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी यावं, आईला भेटावं, पोरीला भेटावं. मी अडवणार नाही.” तिने मोबाइल कमरेला खोचला. “पण त्यांची चाल घेऊ नका. ते आले की मला कळलं पाहिजे.”